वरवंट्याचे शेवटचे पंधरा फूट

"दोर धरशील का माझा?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा मी आईच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर तो हात मुठीतच असायचा. शाळा सुटल्यावर मी रोज माहेरी डोकावत असे ती त्या हाताच्या व्यायामासाठी, दोरबीर धरण्यासाठी नव्हे.

"कुठला सुळका?" मी मान वर न करता विचारलं.

"वरवंटा. या रविवारी. पुढच्या रविवारी सत्कार आहे, त्याच्या आत एकदा जाऊन येतो."

"कोपऱ्यावरून दूध घेऊन येतो म्हणावं तसं म्हणताय."

"तू हो म्हण ना उल्के. बाकी कुणी म्हणत नाही."

म्हणणार कसं? माझे वडील, अनंत मोडक, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट नेमाने केली, ती म्हणजे रविवारी घराबाहेर पडणे. सोमवार ते शनिवार टेलिफोन खात्यात तारा जोडायच्या आणि रविवारी दगडाला लटकायचं. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्यातून काही मिळतं म्हणून नाही, निव्वळ हौस. माझ्या सीमांतपूजनाला ते दोन्ही कोपरं सोललेल्या अवस्थेत हजर झाले, आणि व्याह्यांनी काळजीने विचारपूस केली तर लाजायचं सोडून त्यांना कातळाचे प्रकार समजावत बसले. आई मात्र दर रविवारी पहाटे उठून यांचा डबा करायची. कपाळाला आठी नाही, तोंडातून शब्द नाही. बाबांची मला चीड यायची, आणि आईची त्याहून जास्त. सोसणाऱ्यांनीच अशा माणसांना शेफारून ठेवलेलं असतं.

वरवंटा म्हणजे या सगळ्या खुळाचा कळस. डोंगराच्या सोंडेवर कुणीतरी वरवंटा उभा करून विसरून गेल्यासारखा दोनशे फुटांचा सुळका. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याच्या माथ्यावर पहिलं पाऊल बाबांनी ठेवलं होतं. वर्तमानपत्रात फोटो आला होता. आजोबा असेपर्यंत घरात पाहुणा आला की चहाच्या आधी ते कात्रण बाहेर यायचं, आणि बाबा नेमके तेवढ्यात उठून आत जायचे. विनयाचा हा आव मला कात्रणापेक्षाही असह्य व्हायचा. आईने म्हणे हे स्थळ ते कात्रण बघूनच पसंत केलं होतं. कोल्हा काकडीला राजी, दुसरं काय!

बाबांच्या 'कडेकपारी' मंडळाला त्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त त्यांना जीवनगौरव, शाल, श्रीफळ, सगळं होतं. फक्त त्यांचा दोर धरायला कुणी तयार नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हृदयात दोन स्टेंट बसवून घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत हे गृहस्थ सरावाच्या कातळावरून पडून मनगट मोडून आले होते. तेव्हा मंडळाने चक्क ठराव केला की मोडककाकांना यापुढे कुणी चढाईला न्यायचं नाही. त्या मंडळाने पन्नास वर्षांत केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम.

"बाबा, स्मशानात गोवऱ्या गेल्या तुमच्या," मी म्हटलं. "तुम्ही पडलात तर या खोलीत दोन खाटा होतील, आणि दोन्ही खाटांशी मीच."

"म्हणून तर तुला विचारतो. तू पडू देणार नाहीस."

मला सगळं येत होतं, हे दुर्दैव. दहाव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत मला त्यांनी रविवारी बरोबर फरफटत नेलं होतं. गाठी मारणं, चढणारा सुटला तर तो झेलला जाईल असा दोर धरणं, सगळं घोटून घेतलं होतं. सोळाव्या वर्षी मला अक्कल आली आणि मी जाणं सोडलं.

मी आईचा हात खाली ठेवला. "एका अटीवर येते. वरवंट्याचा माथा गाठलात तर मी जन्मात पुन्हा एक शब्द बोलणार नाही. नाही गाठलात तर चढणं बंद. कायमचं. दोर, कमरेचा हार्नेस, बूट, सगळं माझ्या घरी."

आईला तेव्हा चारपाचच शब्द नीट बोलता यायचे. त्यातला एक ती उशीवरून बोलली.

"जा."

मला म्हणाली की बाबांना, ते कळलं नाही. मी हो म्हटलं. मनात काय होतं ते सरळच सांगते. त्यांनी हरावं म्हणून मी निघाले होते. माझ्या डोळ्यांदेखत हरावं आणि एकदाचं घरी बसावं.

रविवारी पहाटे आईजवळ माझ्या नवऱ्याला बसवून आम्ही गाडीने निघालो. पायथ्याच्या वाडीत बुधा उघडे दारातच उभा होता. बाबांचा मुक्काम वर्षानुवर्षं याच्या पडवीत.

"आलं का मोडकसायब! औंदा बी आलं!" त्याने कपाळाला हात लावला. "ताई, आमची म्हातारी ह्यांच्याच वयाची. ती पाण्याला विहिरीवर जात नाय आता. अन् ह्ये बघा."

"तेच बघायला आलेय," मी म्हटलं.

सुळक्याच्या खालच्या पठारावर जत्रा भरली होती. कुठल्याशा कंपनीने तीसेक तरुण आणले होते. सगळ्यांचे टीशर्ट एकसारखे, गाणी लावलेली, आणि सुळक्याकडे पाठ करून सुळक्याबरोबर फोटो चालू. त्यांच्या म्होरक्याने बाबांना ओळखलं. "लेजंड! सर, एक सेल्फी!" म्हणत त्याने बाबांच्या गळ्यात हात टाकला. बाबा अवघडून उभे राहिले. "यांनीच पहिल्यांदा मारला हा सुळका," तो बाकीच्यांना ओरडून म्हणाला. सुळका मारतात म्हणे हल्ली, माशी मारावी तसा. बाबांनी माझ्या हार्नेसची गाठ तपासली. मग पुन्हा तपासली. मग तिसऱ्यांदा.

"विश्वास नाही का?"

"आहे. म्हणून तर तीनदाच बघितली."

ते चढू लागले. बघवत नव्हतं. श्वासाची शिटी मला खालपर्यंत ऐकू येत होती, आणि एका पायरीवरून दुसरीवर जायला त्यांना इतका वेळ लागे की तेवढ्यात मी दहा उत्तरपत्रिका तपासल्या असत्या. पण चुकीच्या जागी पाय एकदाही पडला नाही, हेही सांगायला हवं. पहिला टप्पा झाला. दुसऱ्या टप्प्यात सुळक्याला उभी भेग आहे, तिच्यात पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रोवून सरकत वर जायचं. त्यांच्यामागून ती भेग चढताना माझीच पाठ सोलवटून निघाली, आणि वरून हा त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा मला सांगत होता, "घाई नको, डावा पाय जरा वर." शेवटी मी धापा टाकत त्यांच्याजवळ पोचले.

त्या जागेला सगळे 'खांदा' म्हणतात. दोन माणसं जेमतेम बसतील एवढा कट्टा आहे. तिथून माथा पंधरा फूट. मधला कातळ पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला, अर्ध्या वाटेवर नंतरच्या लोकांनी ठोकलेला एक बोल्ट, आणि त्याच्या वर पकडायला काय आहे ते खालून दिसतच नाही.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. तोंडावर घाम, ओठ पांढरे.

"दुखतंय का छातीत?"

"नाही."

"मग उठा. पंधरा फूट राहिलेत."

ते उठले नाहीत. खालून गाण्यांचा आवाज येत होता.

"उल्का, मी इथून वर कधी गेलेलो नाही."

मला वाटलं, या वर्षीचं म्हणताहेत, किंवा आजारपणानंतरचं.

"कधी म्हणजे?"

"कधीच. तेव्हाही नाही."

त्यांनी सगळं सांगितलं, दोराकडे बघत. त्या पहिल्या चढाईच्या दिवशी त्यांचा दोर धरायला मंडळातले गुर्जर एकटेच होते. गुर्जर खाली भेगेत अडकलेले, त्यांना तिथून खांदाही दिसत नव्हता आणि माथाही. ऊन कलायला लागलं होतं. बाबा खांद्यावर पोचले आणि ओरडले, "पोचलो!" खालून गुर्जरांनी विचारलं, "माथ्यावर?" बाबांनी वर पाहिलं. ते बाहेर आलेलं पोट पाहिलं. आणि म्हणाले, "हो."

"एवढंच. एक 'हो'. म्हटलं, खाली गेल्यावर सांगू, गंमत केली म्हणून. खाली गेलो तर बुधाच्या बापाने वाजंत्री आणून ठेवली होती. गुर्जर तर रडत होता आनंदाने. वर कोण पोचलं हे दोर धरणाराच सांगतो, असा आमच्यात रिवाज. त्याने मंडळात शपथेवर सांगितलं. माझ्यासाठी. त्याला खोटं कसं पाडू?"

"आणि मग पंचेचाळीस वर्षं?"

"मग चढायला यायचो ना. हेच चढायला यायचो. पण मंडळाची रीत आहे, ज्याचा सुळका झालाय त्याने खांद्यावर बसायचं आणि नव्यांचा दोर धरायचा. माथ्याचा मान नव्यांचा. 'काका, तुमचा झालाय, तुम्ही बसा.' मी काय सांगणार? बसायचो. इथे, याच जागेवर बसून एकोणीस जणांना माथ्यावर पाठवलंय मी. एकट्याने येता येत नाही, दोर धरायला माणूस लागतो. आणि ज्याला आणावं त्याला दिसणार की मला वरच्या पकडी माहीतच नाहीत."

मला आलेला राग शब्दांत मावणार नाही. माझी दहावीची बक्षिसं, माझे वाढदिवस, आईच्या हाताचे हजारो डबे, सगळे रविवार या माणसाने एका खोट्या 'हो'वर उधळले होते, आणि वर आम्ही त्याचा अभिमान बाळगायचा. नुसता हौशी मूर्ख असता तर परवडला असता.

"शोभलं हो तुम्हाला," मी म्हटलं. "आईला तरी सांगायचंत."

"तिला माहीत आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मग चढून या. जेव्हा जमेल तेव्हा. मी कुणाला सांगणार नाही, पण तुम्ही सोडायचं नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "मध्ये मीच दोनदा सोडलं होतं. तिने डबा हातात देऊन बाहेर काढलं."

आईच्या गप्प बसण्याचा मी आयुष्यभर जो अर्थ लावला होता, तो साफ चुकलेला होता. शाळेत पोरांची गणितं तपासून त्यांच्यावर लाल रेघा ओढणारी मी!

"उठा," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "हरायचं तर चढून हरा. बसून नाही."

ते उठले. मी स्वतःला खांद्यावरच्या बोल्टांना बांधून घेतलं आणि दोर धरला. पहिले सात-आठ फूट ते इंचाइंचाने गेले. बोल्टमध्ये कॅराबिनरची कडी घालून तिच्यात दोर अडकवला, तेव्हा ती कडी दगडावर वाजत राहिली. मग त्यांनी एक हात पोटाच्या वर टाकला, चाचपला, कशाला तरी धरलं आणि शरीर वर ओढलं. क्षणभर त्यांची कंबर बोल्टच्या वर गेलेली मला दिसली. मग ते सुटले. दोराने मला भिंतीवर आपटलं. ते कट्ट्याच्या जरा वर लोंबकळत होते.

"लागलं?"

"नाही. पुन्हा."

पुन्हा गेले. पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा बोल्टपर्यंतही हात पोचला नाही. मी त्यांना हळूच खाली घेतलं. त्यांच्या बोटांची सालं गेली होती. ते लहान मुलासारखे हमसून रडले, आणि मी दोर गुंडाळत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना. पैज मी जिंकले होते. असली जीत शत्रूलाही मिळू नये.

परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "सत्काराच्या दिवशी सांगून टाकतो."

"सांगा," मी म्हटलं. मला वाटलं नव्हतं ते सांगतील म्हणून.

पुढच्या रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. अशा सभांना येणारे लोक दोन प्रकारचे. एक पूर्वी चढणारे, ते आता पोट सांभाळत आठवणी सांगतात. दुसरे कधीच न चढलेले, ते त्या आठवणींना माना डोलावतात. मंडळाचे अध्यक्ष रणजित कोलते पहिल्या प्रकारातले. त्यांनी अर्धा तास वरवंट्याच्या पहिल्या चढाईचं वर्णन केलं. शेवटचे पंधरा फूट तर असे रंगवले की जणू तेव्हा हे माथ्यावर बसून बघतच होते. वास्तविक त्या वर्षी कोलते पाळण्यात असणार. बाबांच्या अंगावर शाल घातली गेली. बाबा माईकसमोर उभे राहिले.

"मंडळी, मी वरवंट्याच्या माथ्यावर कधीच पोचलो नाही," ते म्हणाले. "खांद्यावरून परत आलो. खोटं बोललो. माफी मागतो."

मग कोलत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"बघा मित्रांनो! याला म्हणतात विनय! एवढा मोठा माणूस, आणि म्हणतो काय, तर मी पोचलोच नाही!"

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट. माझ्या शेजारच्या बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला.

"अहो, खरंच नाही पोचलो," बाबा माईकमध्ये म्हणाले.

टाळ्या आणखी वाढल्या. सत्य सांगायला पंचेचाळीस वर्षं लागलेल्या माणसाचं सत्य हे लोक शालीत गुंडाळून त्यालाच परत देत होते. त्यांना बाबा नको होते, कात्रण हवं होतं. त्या क्षणापर्यंत माझा सगळा तिरस्कार मी एकट्या बाबांसाठी राखून ठेवला होता. तो असा वाया घालवल्याचं मला वाईट वाटलं.

बाबांनी गर्दीत मला शोधलं. पाय सुटायच्या आधी माणूस दोर धरणाऱ्याकडे बघतो, तसं बघितलं.

मी उभी राहिले. लोक आधीच उभे होते, म्हणून खुर्चीवर चढले.

"बसा सगळे!" वीस वर्षं वर्गावर ओरडलेला आवाज होता माझा. सभागृह खरंच बसलं. "ते विनय करत नाहीयेत. तेव्हा खोटं बोलले होते, आता खरं बोलताहेत. मी त्यांची मुलगी. गेल्या रविवारी वरवंट्यावर त्यांचा दोर मी धरला होता. शेवटचे पंधरा फूट राहिले."

कोलते समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, आता वय झालं काकांचं. आज नाही जमलं म्हणजे तेव्हा नव्हतं जमलं असं होत नाही. अहो, आम्हाला त्यांनीच तर माथ्यावर नेलं!"

"नेलं नाही. खांद्यावर बसून तुमचे दोर धरले. तुम्ही एकोणीस जण आहात ना? बरेचसे इथेच बसलेत. ज्याने ज्याने त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी माथ्यावर बघितलंय, त्याने हात वर करा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोलत्यांचा हात जरासा उचलला गेला आणि माईकच्या दांड्यावर जाऊन बसला. मागे कुणीतरी खोकलं. एकही हात वर आला नाही.

"मोजले," मी म्हटलं आणि खुर्चीवरून उतरले.

बाबांनी शाल काढली, नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि मंचावरून खाली आले. मधल्या वाटेने येताना त्यांना कुणी नमस्कार केला नाही, कुणी पाया पडलं नाही. बाहेर चिवडा आणि पेढ्याच्या बशा मांडलेल्या होत्या, तिथेही कुणी आम्हाला थांबवलं नाही. मला फार भीती वाटत होती. भर सभेत बापाला खोटारडा म्हणणारी मुलगी मी. घरी कशी बोलणार यांच्याशी?

मी स्कूटर काढली. ते मागे बसले. आम्ही सिग्नलला थांबलो. तिथे माझ्या कानाशी त्यांचा आवाज आला, चांगलाच तापलेला.

"पंधरा कुठले?"

"काय?"

"पंधरा फूट राहिले म्हणालीस. बोल्टच आठ फुटांवर आहे. मी बोल्टच्या वर गेलो होतो, तू बघितलंस. सात राहिले, सात! भर सभेत आठ फुटांनी खोटं बोललीस तू."

सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. तरी मी तशीच मान मागे वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वडिलांची माफी मागितली.